वधूच्या बाजूची सही

१२ जानेवारी, बुधवार

प्रिय गडबडे,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकिटावर तू पुन्हा घराचा क्रमांक चुकवलास, त्यामुळे ते आधी शेजारी जाऊन आलं, पण फोडलेलं नव्हतं. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत धरतो. शिडी चढवत नाही, म्हणून हात पोचेल तेवढीच भिंत ते रंगवतात आणि वरची त्यांचा जोडीदार रंगवतो. आई म्हणते, माझा नवरा आता अर्धाच कामाला जातो. धाकटीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि तिला अचानक कपाटं आवरायची फार हौस आली आहे.

माझं नेहमीचंच. सकाळी सातला प्रयोगशाळेत हजर. नळ्या, चिठ्ठ्या, पुन्हा नळ्या. तुझ्या जागी जी मुलगी दिली आहे ती स्वभावाने चांगली आहे. पण मी नळीवरचा नंबर वाचून संपवायच्या आत ती कागदावरून "बरोबर" म्हणून मोकळी होते. मग मला पुन्हा वाचावं लागतं. काल म्हटलं, अगं, आधी ऐक तरी. तर म्हणाली, "तुम्ही वाचलंय म्हणजे बरोबरच असणार." मला हे वाक्य आवडत नाही. संध्याकाळी घरी यावं तर दारात कोणीतरी कागद घेऊन बसलेलं असतं. कोणाचं वीजबिल, कोणाची शाळेची नोटीस. पायातल्या चपला काढायच्या आत वाचायला घ्यायचं. दमायला होतं, पण नाही म्हणता येत नाही.

तुझी बातमी वाचली. फार आनंद झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तुला मिळावा यात मला नवल वाटलं नाही. तू नेहमी दोन मजल्यांच्या मधे कुठेतरी अडकलेली असतेस. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, ती तरी सुटली." धाकटीने विचारलं, "कशातून?" आई म्हणाली, "अभ्यास कर."

आता मुद्द्याचं. तू लिहिलं आहेस की नोंदणी कार्यालयात वराकडून एक आणि वधूकडून एक असा साक्षीदार लागतो. त्यांच्याकडून त्यांचे मालक उभे राहणार, "आणि माझ्या बाजूने तू. तू नाही तर कोणी नाही." ३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी तीन.

मला यायला जमत नाही गं.

रजा मिळत नाही. त्या आठवड्यात वरून तपासणीला माणसं यायची आहेत. माझ्या पाळीतल्या दोघी आधीच रजेवर आहेत, एकीचं बाळंतपण आणि एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन. मोठ्या बाईंना मी सोमवारी विचारलं, काल पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "इतर कोणालाही सोडलं असतं, तुला सोडता येत नाही." अर्धा दिवस मागून पाहिला, पण तुझ्याकडे यायला बसने साडेसहा तास लागतात, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. फोन करणार होते. पण आमचा फोन सगळ्यांच्या मधे असतो आणि तू रडायला लागलीस तर मला पुढे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

एक सुचवू का? ताईंना विचार. दोन वर्षं झाली. त्यांच्या दिराला तू नकार दिलास म्हणून राग होता, पण आता त्या दिराचं लग्नसुद्धा झालं. आईवडिलांच्या मागे ताईंनीच तुला वाढवलं. सख्खी बहीण ती. तू एकदा फोन केलास तर त्या नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. (खात्री नाही. वाटतं.)

लिफ्टवाल्यांना नमस्कार सांग. त्या दिवशी तीन वाजता मी घड्याळाकडे बघत असेन.

तुझी
तपासनीस

ता. क. जन्माचा दाखला मूळ आणि प्रत, दोन्ही ने. निघताना पायात एकाच जोडीच्या चपला आहेत ना ते बघ. वसतिगृहात पहिल्या दिवशी आलीस तशी जाऊ नकोस.



७ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय गडबडे (लग्न झालं म्हणून हे नाव बदलणार नाही),

नमस्कार. शुक्रवारी संध्याकाळी मी सुखरूप पोचले. बस वाटेत दोनदा बंद पडली आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. माझ्या शेजारच्या आजी खाली उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "मी आत बसून जोर लावते." घरी आई दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलत होती. तुझ्या घरून फोन केला तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली होती, त्यावरूनच मी ओळखलं होतं. आता ठीक आहे. काल तिने स्वतःहून विचारलं, "जावई दिसायला कसा आहे?" मी म्हटलं, उंच आहे. म्हणाली, "मग लिफ्ट कशाला लागते?"

मला अजून तुझा आवाज ऐकू येतो. मी त्या दारात उभी राहिले, तुला दिसायच्या आधी माझी पिशवी दिसली बहुतेक, आणि तू अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं ओरडलीस. "ही! ही खोटं बोलली! जन्मात कधी पाचाला सहा म्हणून वाचलं नाही हिने, आणि मला दोन पानं खोटं लिहिलं! बाळंतपण काय, ऑपरेशन काय!" कारकून म्हणाला, "बाई, जरा हळू, शेजारी घटस्फोटाची खिडकी आहे." मला हसू आलं आणि घामही आला. मग तू गळ्यात पडलीस आणि माझा चष्मा वाकडा झाला, तो अजून वाकडाच आहे.

लिफ्टवाले चांगले आहेत. मला म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही पन्नाशीच्या असाल. हिने वर्णनच तसं केलं होतं." तू माझ्याबद्दल काय काय सांगत असतेस कोण जाणे. तुझ्या घरमालकीणबाईंनी माझा हात सोडलाच नाही. "अशी मैत्रीण पाहिजे. कामावरच्या कपड्यात धावत आली पोर." सगळे विचारत होते, एवढे दिवस पोटात कसं ठेवलंस? आईलासुद्धा सांगितलं नाहीस? मी काय सांगणार. हसत राहिले. चहा पीत राहिले.

तुमची खोली मला आवडली. खिडकीची एक काच तडकलेली आहे, तिला पट्टी लावून घे, पूर्ण निसटली तर खाली कोणाच्या तरी डोक्यात पडेल.

ताईंशी माझं नीट बोलणं झालं नाही. त्यांनी चष्मा लावला होता, पेनाचं टोपण काढलं होतं, आणि तेवढ्यात मी आले. तू "थांब थांब ताई, आता ही आली ना, हिचीच सही ठरली होती" म्हणून त्यांच्या हातातून पेन घेतलंस, ते जरा घाईने झालं असं मला वाटलं. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि चष्मा घडी करून डबीत ठेवला. चहाला थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. लांबून आल्या होत्या, परतीची गाडी असेल. तू म्हणालीस, "तिचं असंच असतं." असेल. तरी एकदा फोन करून नीट पोचल्या का ते विचार. विचारशील ना? विसरू नकोस.

बाकी काही विशेष नाही. दमले आहे. प्रवासाचंच असेल. काल धाकटीला तिचाच धडा वाचून दाखवताना मी तीच ओळ दोनदा वाचली, आणि तिने मला पकडलं.

सुखात राहा.

तुझी
तपासनीस



९ मार्च, बुधवार

प्रिय गडबडे,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत. हे आधीच लिहून टाकते, पुढे लिहायचं राहील.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. एवढे दिवस मी उत्तर कधी ठेवत नाही. रोज डब्याच्या सुट्टीत कागद काढते, तारीख घालते आणि परत ठेवते. हा पाचवा कागद आहे.

तू लिहिलंस की ताई फोन उचलत नाहीत. एकदाच उचलला, आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं मला धरलंस. ती आली, रुमाल उचलला." तू सांगितलंस की तुला काहीच माहीत नव्हतं, ते सरप्राइज होतं. तर त्या म्हणाल्या, "ती मुलगी कधी खोटं बोलत नाही, हे तूच मला शंभर वेळा सांगितलंयस. ती एकटीच्या डोक्याने असलं करेल? मला शिकवू नकोस." आणि शेवटी तू मला लिहिलंस, "जाऊ दे. तिला माझा आनंद बघवत नाही. उलट बरं झालं, माझं कोण आहे ते त्या दिवशी कळलं."

हे शेवटचं वाक्य मी फार वेळा वाचलं. ते चुकीचं आहे.

सरप्राइज नव्हतं. मी येणारच नव्हते.

रजा मला मिळाली होती. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे अर्ज दिला. त्यांनी तो पुरता वाचलाही नाही. "चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतेस, जा की," म्हणाल्या आणि सही केली. तपासणीला कोणी येणार नव्हतं. बाळंतपण मी बनवलं, ऑपरेशन मी बनवलं. बनवायला फार वेळ लागला नाही, हेही सांगते. मोठ्या बाईंच्या तोंडी मी जे वाक्य घातलं ते तर मला लिहिताना आवडलंसुद्धा होतं.

का, ते तू विचारशील. तुझा राग नव्हता. थोडा हेवा होता, तो नव्हता असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. तू गेलीस, तुला खोली मिळाली, माणूस मिळालं, आणि मी इथे तशीच नंबर वाचत बसले आहे, समोरून कोणी ऐकत नाही. पण तेवढ्यासाठी मी तुझं लग्न चुकवलं नसतं.

तुला माझी आत्या माहीत आहे. एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते आणि त्यांच्याच घरी राहते, एवढं मी तुला सांगितलं होतं. ती तिथे का राहते ते सांगितलं नव्हतं.

आमच्या घराची मागची खोली तिची होती. तिचे यजमान गेल्यावर आजोबांनी तिला दिलेली. तिथे ती शिवणयंत्र घेऊन राहायची. माझा शाळेचा गणवेश तीच शिवायची, दर वर्षी दोन बोटं जास्त कापड आत दुमडून. मी चौदा वर्षांची असताना मोठे काका एक कागद घेऊन आले. छपराच्या दुरुस्तीला परवानगी हवी, त्यासाठी घर एका नावावर दाखवावं लागतं म्हणाले. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबा, आई, आत्या, तिघांनाही अक्षर ओळखता येत नाही. आत्या म्हणाली, "ही वाचून दाखवेल, मग मी अंगठा देते."

मी उभी राहून वाचायला लागले, शाळेत वाचतात तसं. मध्ये एक ओळ आली. 'या खोलीवरील माझा हक्क मी राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे.' मी तिथे थांबले. काका म्हणाले, "ते कायद्याचं बोलणं असतं, तिला काय कळणार, पुढे वाच." मी बाबांकडे बघितलं. बाबा नखातला रंग काढत होते. मी ती ओळ सोडली आणि पुढचं वाचलं. आत्याने विचारलं, "झालं सगळं?" मी म्हटलं, झालं. तिने अंगठा दिला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. काका म्हणाले, वय अठरा लिही, मी अठरा लिहिलं. अक्षर चांगलं आहे म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली.

वर्षभराने काकांनी खोली भाड्याने दिली. आत्या यंत्र विकून गेली. ती अजूनही येते, औषधांच्या बाटल्या घेऊन, कोणती कधी घ्यायची ते विचारायला. मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते. ती हसते. "दोनदा कशाला? तू वाचलंस म्हणजे बरोबरच असणार." तिला ती ओळ नंतर कोणी सांगितली का, मला माहीत नाही. अकरा वर्षांत मी विचारलेलं नाही. लोकांना वाटतं मी कागद वाचून वाचून दमते. वाचण्याने मी दमत नाही. माझ्यावर कोणी भरवसा टाकला की मला दमायला होतं.

तू जानेवारीत पत्रासोबत अर्जाचा कोरा नमुना पाठवला होतास, "तुला आधी वाचायची सवय म्हणून." मी वाचला. साक्षीदाराच्या रकान्यावर छापलेलं होतं, 'वधू हा विवाह राजीखुशीने करीत आहे हे मला प्रत्यक्ष माहीत आहे.' पुढे मला वाचवेना. तुझ्याबद्दल शंका होती असं नाही. त्या शब्दाखाली माझी सही पुन्हा व्हायला नको, एवढंच मनात होतं. हे तुला सरळ लिहिता आलं असतं. पण मग आत्याचं सांगावं लागलं असतं, आणि ते मी स्वतःशीसुद्धा पूर्ण बोललेली नव्हते. त्यापेक्षा एकीचं बाळंतपण आणि एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन सोपं पडलं.

आणि ताईंना विचार, हे मी तुझ्या भल्यासाठी सुचवलं नव्हतं. माझ्या जागी कोणीतरी उभं करायचं होतं. ते 'सख्खी बहीण' वगैरे लिहिताना मला फक्त सुटायची घाई होती. तू खरंच फोन केलास. ताईंनी अर्धा तास ऐकवलं आणि तू उभ्याने ऐकून घेतलंस, हे तू मला नंतर हसत सांगितलंस. मला हसता आलं नाही, पण तुझ्या लक्षात आलं नाही.

आता त्या दिवसाचं. तीन तारखेला सकाळी मी नेहमीसारखी डबा घेऊन घरातून निघाले. रजेचं घरी बोललेच नव्हते. प्रयोगशाळेत जाऊन कोट चढवला. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे लाल शाईने आधीच 'रजा' लिहिलेलं होतं, आणि माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तू इथे काय करतेस? मैत्रिणीचं लग्न ना आज? बस चुकली का?" मी म्हटलं, हो, पुढची आहे. त्या म्हणाल्या, "मग पळ ना, उभी काय राहिलीस!" आणि पळ म्हणून माझ्या हातात त्यांच्या डब्यातली दोन बिस्किटंही दिली.

घरी परत जाता येईना, आईने विचारलं असतं. म्हणून बसस्टँडवर गेले. खिडकीवरच्या माणसाने "कुठलं?" विचारलं तेव्हा मला तुझ्याच गावाचं नाव आठवलं. कामावरच्या कपड्यात का आले, ते हे. मी धावत आले नाही. त्या दिवशी मला बसायला दुसरी जागा नव्हती.

वाटेत मी ठरवलं होतं की मागे उभी राहीन, सगळं आटोपलं की तुला बाजूला घेऊन खरं सांगेन. दारात पोचले आणि तू ओरडलीस. तू जी मैत्रीण ओरडून सांगत होतीस ती इतकी चांगली होती की मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले. दोन मिनिटं थांबून सांगू म्हटलं. दोन मिनिटांनी माझ्या हातात पेन होतं.

मी ताईंचा चेहरा बघितला. तू नाही बघितलास, तुझी पाठ होती. कारकुनाने त्यांचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, ते त्याने पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडलं आणि वर माझं लिहिलं. ताई ती रेघ पूर्ण होईपर्यंत बघत होत्या. पूर्ण झाल्यावर त्या "बरं" म्हणाल्या. तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं. "त्यांनाच करू द्या," एवढे तीन शब्द होते. मी खाली वाकले आणि सही केली.

सही करायच्या आधी ती छापील ओळ मी वाचली आणि मग तुझ्याकडे बघितलं. तू लिफ्टवाल्यांच्या बुटावर पाय देऊन उभी होतीस आणि ते दुखत असूनही काही न झाल्यासारखं तोंड करत होते. ती ओळ खरी होती, गडबडे. एवढं मी तपासून घेतलं आहे, त्यात शंका धरू नकोस. पण तिच्याखाली नाव लिहायचा हक्क माझा नव्हता. ताई दोन वर्षांचा राग गिळून आल्या होत्या. मला तर गिळायला रागसुद्धा नव्हता, तरी मी येत नव्हते.

आता त्या म्हणतात की 'माझ्या बाजूने कोणी नाही' हे तुझं फोनवरचं बोलणं नाटक होतं. ते नाटक नव्हतं. तू म्हणालीस तेव्हा खरंच कोणी नव्हतं, कारण मी पाठ फिरवली होती. हे त्यांना तू कितीही सांगितलंस तरी पटणार नाही. माझ्याकडून पटेल कदाचित.

म्हणून मी काल ताईंना पत्र लिहिलं. त्यांचा पत्ता त्या खोडलेल्या रेघेखाली होता. मी खोडलेलंसुद्धा वाचते, तुला माहीत आहे. तुला जे लिहिलं आहे तेच त्यांना लिहिलं, आत्याचं सोडून काहीही गाळलं नाही, आणि ते गाळलं आहे हेही लिहिलं. तुला काही माहीत नव्हतं, तू त्यांना बोलावलंस ते खऱ्या गरजेने बोलावलंस, आणि त्या येणार म्हणून तू आदल्या दिवशी घरमालकीणबाईंकडून दुसरी गादी मागून आणली होतीस, हे सगळं लिहिलं. गादीचं मला घरमालकीणबाईंनी सांगितलं. तू ताईंना सांगितलं नसशील.

आधी त्यांना आणि मग तुला, असं मुद्दाम केलं. तुला आधी लिहिलं असतं तर तू लगेच फोन केला असतास. "वेडी आहेस का? आलीस ना शेवटी? ताईला कशाला सांगायचं, मी बघते तिचं." आणि मी ऐकलं असतं. मला तेच ऐकायचं होतं. नऊ दिवस मी तेच ऐकण्याची वाट बघत कोऱ्या कागदावर तारखा घालत होते. ताईंचं पत्र रजिस्टर केलं आहे. माझ्या नुसत्या शब्दावर आता तू विसंबावंस असं मी म्हणू शकत नाही, म्हणून त्याची पावती या पाकिटात ठेवली आहे. तारीख आणि शिक्का बघून घे.

पत्र त्यांना शनिवारपर्यंत मिळेल. त्यांचा फोन आला तर पहिल्या घंटीला उचल. त्या चिडून बोलल्या तरी मधे बोलू नकोस, आणि माझी बाजू तर घेऊच नकोस. आधी त्यांचं ऐकून घे. माझं काय करायचं ते नंतर बघ, कितीही दिवसांनी.

तुझी म्हणवून घ्यायला अजून धजणारी,
मी